मुके हात

पाणाड्याच्या वर्गात सगळ्यांच्या तारा फिरल्या. न्हाव्याच्या फिरल्या, निवृत्त हेडबाईंच्या फिरल्या, जावयाला सोडायला आलेल्या एका सासऱ्याने गंमत म्हणून हातात धरल्या तर त्याच्यासुद्धा फिरल्या. फिरल्या नाहीत त्या एकट्या काटेवाल्याच्या.

काटेवाला म्हणजे तिचा नवरा. उभा जन्म तराजू दुरुस्त करण्यात गेला म्हणून गाव त्याला काटेवाला म्हणे आणि तिला काटेवाली, जणू लग्नात तिला अर्धं दुकान आंदण मिळालं होतं. तिचा आणि तराजूचा तसा काही संबंध नव्हता. ती घरच्या शिलाई मशीनवर इस्पितळाच्या चादरींच्या कडा शिवायची आणि त्यावर सध्या दोघांचं भागत होतं.

पाणाड्या पूर्वी विहिरींच्या जागा दाखवायचा. घरोघर नळ आले, पाण्यासाठी त्याला कुणी विचारेना, तेव्हा त्याने सोन्याकडे मोर्चा वळवला. या वस्तीच्या जागी एके काळी सराफांचा बाजार होता, तो आगीत जळाला आणि सराफांनी पळताना माल जमिनीत पुरून ठेवला, अशी गोष्ट सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली. पाणाड्याने त्या गोष्टीवर बियाण्यांच्या रिकाम्या गोदामात वर्ग उघडला. गुप्तधन शोधायची विद्या. साहित्य म्हणजे काटकोनात वाकवलेल्या दोन तांब्याच्या तारा आणि त्या मोकळ्या फिराव्यात म्हणून मुठीत धरायला पेनाच्या दोन रिकाम्या नळ्या. तारा समोर सरळ धरून हळूहळू चालायचं. खाली धातू असला की तारा आपोआप वळून एकमेकींवर येतात म्हणे.

त्या वर्गात काटेवाल्याला ढकललं होतं तिनेच. सोन्याच्या आशेने नव्हे, तेवढी भोळी ती नव्हती. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि त्याचं दुकान बसलं. त्या काट्यांना मागे एक बटण असतं, ते दाबलं की शून्य. शून्य आणायला माणूस लागत नाही. त्याने शेवटी शटर ओढलं, हत्यारांची पेटी घरी आणली आणि अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसता पडून. दाढी वाढलेली. जेवायला हाक मारली तर उठायचा, दोन घास खायचा आणि परत आडवा. ती मशीन चालवायची आणि त्याच्या श्वासाकडे कान ठेवायची. असाच हा एक दिवस पडल्या पडल्या संपेल, अशी तिला भीती वाटायची. वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीने वर्गाबद्दल सांगितलं तेव्हा तिने एवढाच हिशेब केला की सोनं गेलं खड्ड्यात, माणूस अंगात स्वच्छ सदरा घालून घराबाहेर तर पडेल.

आणि तो पडला. पण पहिल्याच आठवड्यात तोंड पाडून घरी आला.

"न्हाव्याला जमतं," तो म्हणाला, "आणि मला जमत नाही."

झालं होतं ते असं. पाणाड्याने गोदामातल्या वाळूच्या ढिगांपैकी एकात पितळेचं झाकण पुरलं होतं. सगळे तारा घेऊन फिरले. प्रत्येकाच्या तारा कुठे ना कुठे वळल्या, काहींच्या भलत्याच ढिगावर, पण वळल्या. काटेवाला सगळ्या ढिगांवरून दोनदा गेला. तारा समोर ताठ. मग त्याने दुसऱ्यांचे हात पाहायला सुरुवात केली आणि गप्प बसायचं सोडून बोलून गेला, "तार फिरत नाही, बाई. तुमचं मनगट आत वळतंय. अगदी केसभर, पण वळतंय."

"काटेवाले, तुम्ही इथे शिकायला आलात की तपासणीला?" हेडबाई फणकारल्या.

पाणाड्या मात्र चिडला नाही. त्याने काटेवाल्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "मुके हात आहेत तुमचे. जन्मभर त्यांना गप्प राहायला शिकवलंत. आता ते जमिनीचं ऐकतील, पण बोलणार नाहीत."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. ज्या हातांचं बाजारात नाव होतं, दोन पारड्यांतला गव्हाच्या दाण्याएवढा पासंग जे हात नुसत्या दांडीवरून ओळखायचे, तेच हात आता नापास. तिला त्याची कीव आली आणि, खोटं कशाला बोला, मनातून बरंही वाटलं. रागावलेला का असेना, माणूस उठून बसला होता.

"घरी सराव करा," ती म्हणाली. "मागे एवढं अंगण पडलंय."

तो रोज सकाळी मागच्या अंगणात तारा घेऊन फिरायला लागला. भिंतीपासून भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मशीनच्या समोरच्या खिडकीतून तिला तो दिसायचा. तारा हलत नव्हत्या. संध्याकाळी चेहरा असा व्हायचा की पुन्हा अंथरुणाकडे वळतो की काय असं तिला वाटायचं.

याच दिवसांत एका दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या पेंगला होता. हात मांडीवर. ती चादरींचा गठ्ठा घेऊन जवळून जात होती आणि तिला त्याचा उजवा अंगठा दिसला. अंगठा तर्जनीवर मागेपुढे फिरत होता, चिमटीत धरलेली औषधाची गोळी घोळवावी तसा. तो झोपेत होता आणि अंगठा जागा होता. ती गठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिली. त्याने डोळे उघडले, हात उचलला आणि अंगठा थांबला.

हा अंगठा तिच्या ओळखीचा होता. सासऱ्यांचा अस्साच फिरायचा. मग हात, मग मान, मग सगळं अंग. शेवटची वर्षं तिने त्यांना चमच्याने भरवलं होतं आणि प्रत्येक घासाला ते तिच्याकडे अपराध्यासारखं पाहायचे. नवरा तेव्हा दुकानात बसून राहायचा, बापाला बघायला त्याच्याच्याने घरात येववत नसे. तिने कधी त्याला बोल लावला नव्हता.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ती उद्यावर ढकलत राहिली. हातांवर जगलेल्या माणसाला त्याच्या हातांची अशी बातमी कुठल्या तोंडाने द्यायची, हे तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात ती सकाळ आली.

"अगं, बाहेर ये! अगं, आधी ये!"

ती सुई तशीच चादरीत ठेवून धावली. अंगणाच्या कोपऱ्यात तो उभा होता आणि त्याच्या हातातल्या तारा हळूच वळून एकमेकींवर आल्या, उघडल्या, परत आल्या. त्याचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत, बापाला पोचवून आला त्या दिवशीही, तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"मनगट बघ," तो म्हणाला. "तू बघ. मला स्वतःचं कळणार नाही. हलतंय का?"

तिने पाहिलं. मनगट हलत होतं.

"नाही," ती म्हणाली.

एका शब्दाचं काम होतं. तोंडातून तो इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर घराचा नूरच पालटला. त्याने दाढी केली, कुदळ-फावडं भाड्याने आणलं आणि तो कोपरा खणला. कंबरभर खाली एक गंजलेली बिजागरी निघाली. "धातू तर निघाला!" असं म्हणत त्याने ती धुऊन पुसून खिडकीत ठेवली. दुसऱ्या खड्ड्यात नळाचा तुकडा, तिसऱ्यात काही नाही. पण तारा रोज फिरत होत्या, रोज आधीपेक्षा जोरात. वर्गात तर त्याची हवा झाली. पाणाड्याने त्याला पुढे उभं केलं, न्हावी पाया पडायचाच काय तो बाकी राहिला, आणि हेडबाई चारचौघांत म्हणाल्या, "उशिरा बोलले, पण काटेवाल्यांचे हात सगळ्यांत मोठ्याने बोलले." हे वाक्य त्याने घरी येऊन तिला दोनदा सांगितलं. न्हाणीघरात तो गुणगुणायला लागला. भाजी परत मागून घ्यायला लागला. तिच्याशी रात्रंदिवस अबोल असलेला माणूस आता तिच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसायचा आणि सोनं निघालं की काय काय करायचं ते सांगायचा. दुकान परत उघडायचं, जुन्याच जागी. तुझी ही चादरींची हमाली बंद.

ती हसायची. हसता हसता त्याच्या कपाकडे तिचं लक्ष जायचं. ती आताशा त्याला चहा अर्धाच कप द्यायची आणि दोनदा द्यायची. बशी द्यायचं तिने बंद केलं होतं, कारण बशी वाजायची.

"एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?" तिने एकदा धीर करून विचारलं. "थकल्यासारखे वाटता."

"मी? इतकं बरं तर मला लग्नातही वाटलं नव्हतं," तो म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

अंगणाची मात्र पुरती चाळण झाली. घरमालकीण आधी गमतीत होती. गच्चीतून ओरडायची, "अर्धं माझं हं, जमीन माझी आहे!" मग एक खड्डा भिंतीला लागून पडला, पाया उघडा झाला आणि तिच्या स्वयंपाकघराला तडा गेला. "तुमच्या नवऱ्याला आवरा," ती खाली येऊन दारातच म्हणाली. "नाहीतर दोघं बिऱ्हाड उचला. माझं घर अंगावर घेऊन सोनं काढायचंय का तुम्हाला?"

त्या दिवशी ती चादरी पोचवायच्या निमित्ताने निघाली आणि गोदामात गेली. वर्ग सुटला होता. पाणाड्या एकटाच वाळू चाळत बसला होता.

"त्यांना सांगा की ही विद्या खोटी आहे," ती सरळच म्हणाली. "तुमचं ऐकतील. माझ्याच्याने होत नाही."

पाणाड्याने चाळणी खाली ठेवली. "विद्या खोटी आहे की नाही ते मलाही ठाऊक नाही, वहिनी. मी सांगितलं तिथे पाणी लागायचं. पण खोल खणलं तर पाणी सगळीकडेच लागतं, हे मला फार उशिरा समजलं." मग म्हणाला, "त्यांच्या हाताचं विचारायला आलात ना? पहिल्या आठवड्यात मी ते हात धरले होते. मुके नव्हते ते. आतून बारीक थरथरत होते. तेव्हा त्यांना स्वतःलाही माहीत नसेल."

"माहीत होतं तुम्हाला? आणि पुढे उभं केलंत? हसं करायला?"

"हसं कुणी केलं नाही. तुम्ही त्यांना पाहिलंत ना, कसे येतात हल्ली? मी काय सांगू, की तुमच्या अंगात विद्या नाही, आजार आलाय? तुम्ही घरच्या आहात. तुमच्याच्याने झालं नाही, माझ्याच्याने कसं होईल?"

त्याला चार शब्द सुनावावेत म्हणून ती आली होती. पण चादरींचा गठ्ठा काखेत तसाच घेऊन ती घरी आली.

घरी औषधवाला बसला होता. चौकातल्या जुन्या औषधाच्या दुकानाचा मालक. त्याच्या मांडीवर काचेची पेटी आणि पेटीत पुड्या तोलायचा जुना नाजूक तराजू होता. आजोबांच्या वेळचा; आता वापरात नाही, पण काउंटरवर मांडायचाय आणि मांडायचा तर बरोबर चालणारा मांडायचाय. "हे काम करणारा तुमच्याशिवाय आता आहे कोण?" तो म्हणाला आणि पेटी ठेवून गेला.

काटेवाला लहान मुलासारखा खूश झाला. "बघितलंस? चहूकडून यायला लागलं. एकदा हात बोलायला लागले की असं असतं."

"उद्या करा," ती म्हणाली. "आज थकला आहात. नाहीतर असं करा, परतच करा. शोभेची तर वस्तू, तशीच ठेवतील."

"तशीच?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चोरी करायला सांगितली. त्याने टेबल पुसलं, खिडकीखाली ओढलं, हत्यारांची पेटी उघडली. ती मशीनवर जाऊन बसली आणि पायडल दाबायची तिची हिंमत होईना.

दांडी जिच्यावर टेकते ती पोलादी धार त्याने साफ केली. तिथपर्यंत सगळं ठीक झालं, कारण दाबून धरायचं काम होतं. मग दांडी अलगद त्या धारेवर ठेवायची होती. त्याने ती दोन बोटांत उचलली आणि धारेजवळ नेली. पारडी खुळखुळली. त्याने दांडी खाली ठेवली, बोटं चोळली, परत उचलली. पारडी परत खुळखुळली. त्याने कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला. दांडी धारेवरून घसरून काचेवर पडली. काच फुटली नाही, पण आवाज मोठा झाला.

तो बराच वेळ हाताकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे न बघता उठला आणि तारा घेऊन आला.

खुर्चीत बसून त्याने त्या समोर धरल्या. तारा फिरल्या. तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे फिरल्या. पलंगावर उभा राहिला, तिथे फिरल्या. जिना चढून वर गेला. घरमालकीण काहीतरी ओरडली, तिच्या स्वयंपाकघरातही फिरल्या असणार, कारण तो तसाच गच्चीवर गेला. ती त्याच्या मागे मागे होती. गच्चीवर, खाली दोन मजले आणि मोकळी हवा असताना, तारा एकमेकींवर येत होत्या, उघडत होत्या आणि परत येत होत्या. तो एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत चालला, तारा थांबतील अशी एखादी तरी जागा शोधत. तशी जागा कुठेच नव्हती.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "खाली चला."

तो खाली आला, पण घरात न येता मागच्या अंगणात गेला, त्या पहिल्या खड्ड्यापाशी. तारा त्याने तिच्यासमोर धरल्या.

"तू धर."

"मी कशाला? मला काय येतंय त्यातलं?"

"येण्यासारखं काही नसतं त्यात. धर आणि उभी राहा. इथे तुझ्या फिरल्या तर खाली काहीतरी आहे. मग मी खणेन, आणखी खोल. हात माझा म्हातारा झाला असेल, होतो एखाद्याचा. पण खाली काहीतरी असेल." त्याने तारा आणखी पुढे केल्या. "धर ना."

तिने नळ्या मुठीत घेतल्या. तारा समोर सरळ उभ्या राहिल्या. रोज मैलभर कडा शिवणारे हात होते तिचे, धाग्याचाही फरक न पडू देणारे. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर तारांच्या टोकांवर होती आणि तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

केसभर काम होतं. मनगट केसभर आत घेतलं की तारा एकमेकींवर येणार होत्या आणि तो आणखी काही दिवस जगणार होता, दाढी करून, गुणगुणत, भाजी परत मागून. तडा गेलेली भिंत, घरमालकीण, बिऱ्हाड, सगळं तिने त्या क्षणी बाजूला सारलं. ते पुढचं पुढे.

तिने मनगट वळवलं. तारा वळल्या.

त्याची नजर टोकांवरून तारांवरून मागे मागे येत तिच्या मुठींवर येऊन थांबली.

"मनगट," तो म्हणाला.

तिने मान खाली घातली.

"त्या दिवशी माझंही हलत होतं?"

"हो."

"तू पाहिलं होतंस."

"हो. त्याच्याही आधी पाहिलं होतं. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

त्याने मान डोलावली, कुणी हिशेब समजावून सांगावा आणि तो पटावा तशी. मग खड्ड्याच्या काठावरच्या मातीच्या ढिगाऱ्यावर बसला. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. अंगठा तर्जनीवर फिरायला लागला आणि या वेळी त्याने हात उचलला नाही, फिरू दिला.

"म्हणजे त्यातला एकही दिवस खरा नव्हता," तो म्हणाला.

तिला सांगायचं होतं की तिच्यासाठी प्रत्येक दिवस खरा होता. त्याचं न्हाणीघरातलं गाणं तिने मशीन थांबवून ऐकलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला आलेले ते सगळ्यात चांगले दिवस होते. पण तसं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. आनंद त्याचा होता आणि तो खोटा होता. ती नुसती बघत बसली होती आणि चोरून त्यात वाटा घेत होती. ती त्याच्या शेजारी मातीत बसली. तो हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबून धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. तिने आणखी जोर लावला, सगळं बळ एकवटून. हात आत हलतच राहिला.